रानऑर्किड ओळखण्यासाठी हातभिंग: दहापटीचं ट्रिप्लेट घ्या, बाकीची नंतर

डोंगरउतारावरच्या रानऑर्किडचं नाव ठरवायचं असेल तर सगळ्यांत आधी घ्यायची वस्तू म्हणजे दहापट मोठं दाखवणारं, तीन काचा एकमेकींना चिकटवून केलेलं हातभिंग. दुकानात ते ‘१०एक्स ट्रिप्लेट’ किंवा ‘१०एक्स लूप’ म्हणून मागायचं. चांगला कॅमेरा, मोबाइलमधलं ओळख सांगणारं ॲप, जाडजूड पुस्तक या सगळ्यांचा नंबर त्यानंतर लागतो. इतकं ठामपणे सांगायचं कारण ऑर्किडच्या फुलाच्या रचनेत आहे.

ऑर्किडच्या कुळात सुमारे २८,००० जाती आणि ७०० हून अधिक वंश आहेत. साधारण ७० टक्के जाती झाडांवर किंवा खडकांवर वाढतात, आणि त्यांची गर्दी सखल जंगलापेक्षा डोंगरांच्या मधल्या, धुक्याच्या पट्ट्यात जास्त असते. पूर्व हिमालय, अँडीज, न्यू गिनीचे डोंगर, बोर्निओतला किनाबालू, सगळीकडे हेच दिसतं. एकट्या किनाबालूच्या परिसरात ७०० हून अधिक जातींची नोंद आहे. इतक्या पसाऱ्याची विभागणी करताना वनस्पतिशास्त्रज्ञांनी पाकळ्यांच्या रंगाला फारसं महत्त्व दिलं नाही. त्यांनी पाहिला तो फुलाच्या मधोमध असणारा कॉलम, म्हणजे पुंकेसर आणि किंजल एकत्र जुळून झालेला दांडा. पुष्कळ डोंगरी जातींमध्ये हा कॉलम १ ते ५ मिलिमीटरच असतो. फोटोत तो पाकळीआड तरी जातो, नाहीतर पांढरा ठिपका होऊन उरतो. भिंगाशिवाय केलेली ओळख म्हणूनच बऱ्याचदा अंदाजच असते.

आता वस्तूबद्दल. भिंगाची पट आणि त्याचं नाभीय अंतर यांचं नातं ठरलेलं आहे: २५० मिलिमीटरला नाभीय अंतरानं भागलं की पट मिळते. १० पटीच्या भिंगाचं नाभीय अंतर २५ मिमी, १४ पटीचं साधारण १८, २० पटीचं साडेबारा. म्हणजे दहापटीत फूल आणि काच यांच्यात दोन-अडीच सेंटिमीटर मोकळी जागा राहते. त्या जागेतून उजेड आत येतो आणि गवताची काडी किंवा सुईही सरकवता येते. वीसपटीत हीच जागा सेंटिमीटरभर उरते, आपल्याच डोक्याची सावली फुलावर पडते, आणि एका वेळी स्पष्ट दिसणारी खोली दहापटीच्या साधारण चौथाईवर येते. ऑर्किडचं फूल सपाट नसतं. ओठ म्हणजे वेगळ्या घडणीची पाकळी पुढे, कॉलम मागे, स्पर म्हणजे ओठामागची पोकळ नळी त्याहून मागे. खोली कमी पडली की एक भाग स्पष्ट करताना दुसरा हरवतो आणि त्यांचा एकमेकांशी संबंध लागत नाही.

काचांच्या रचनेनंही मोठा फरक पडतो. एकाच काचेचं साधं भिंग मधोमध ठीक दाखवतं, पण कडेला जांभळी-पिवळी झालर आणतं. ओठावरचे पिवळसर उंचवटे आणि जांभळे ठिपके हीच ओळखीची खूण असते तिथे ही झालर सरळसरळ दिशाभूल करते. कॉडिंग्टन प्रकारात एकच जाड काच असते आणि तिच्या कमरेला खाच असते. ते मजबूत आहे आणि ओलाव्याला दाद देत नाही, पण दृष्टीचं क्षेत्र अरुंद. ट्रिप्लेटमध्ये दोन वेगळ्या जातींच्या काचा वापरून रंगाची झालर आणि कडेची वाकडी रेघ दोन्ही जवळजवळ घालवलेली असतात. बॉश अँड लॉम्बची हेस्टिंग्ज ट्रिप्लेट मालिका ७, १०, १४ आणि २० पटींसाठी ओळखली जाते. बेलारूसच्या बेलोमोचं दहापटीचं ट्रिप्लेट मोठ्या काचेमुळे वनस्पती आणि खनिजं पाहणाऱ्यांमध्ये लोकप्रिय आहे. नाव कुठलंही असो, काचेचा व्यास १८ मिमीच्या आसपास किंवा जास्त असावा. १२-१३ मिमीच्या काचेतून डोळा नेमक्या जागी ठेवावा लागतो, आणि चढावर धाप लागलेली असताना ते जमत नाही.

घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. खिडकीकडे भिंग धरून समोरच्या भिंतीवर किंवा कागदावर बाहेरच्या झाडाचं उलटं चित्र पाडा आणि काचेच्या मध्यापासून कागदापर्यंतचं अंतर मोजा. ते २५ मिमीच्या जवळपास आलं तर भिंग खरंच दहापटीचं. ही चाचणी सूर्याकडे धरून करू नका, कागद पेटतो. मग आलेख कागद पाहा. कडेच्या रेघा धनुष्यासारख्या वाकत असतील किंवा काळ्या रेघेला रंगीत किनार असेल तर ते ट्रिप्लेट नाही, वर काहीही छापलेलं असो. शेवटी भिंग तिरकं धरून काचांच्या सांध्यात बुडबुडा किंवा इंद्रधनुषी डाग आहे का बघा. असेल तर डिंक सुटायला लागलाय.

बाजारात सर्वाधिक दिसणारं भिंग म्हणजे ‘३०एक्स, २१ मिमी’ असं कोरलेलं चकचकीत घडीचं लूप. ते घेऊ नका. ३० पटीसाठी नाभीय अंतर जेमतेम ८.३ मिमी लागतं, आणि इतक्या आखूड अंतरावर २१ मिमी व्यासाची काच स्वच्छ चित्र देऊच शकत नाही. वरची खिडकीची चाचणी केली की अशा भिंगाची खरी पट छापील आकड्याच्या कितीतरी खाली निघते. पटीपेक्षाही मोठा तोटा नोंदीत होतो: ‘३० पटीतही केस दिसले नाहीत’ असं लिहिलं जातं, आणि केस असतात.

भोवती एलईडी दिवे असलेली भिंगंही ऑर्किडसाठी आम्हाला पटत नाहीत. चहूबाजूंनी पडणाऱ्या उजेडात सावलीच नाहीशी होते, आणि ओठावरचे कंगोरे, बारीक गाठी, केसांची लव हे सगळं सावलीमुळेच उठून दिसतं. शिवाय दिव्याच्या निळसर छटेत हिरवट पांढरं फूल शुभ्र वाटतं. दाट जंगलात उजेड कमी पडला तर डोक्यावरचा छोटा टॉर्च हातात घेऊन बाजूनं धरावा, फुलाच्या पातळीत.

वापरायची रीत साधी आहे, पण बहुतेक जण ती उलटी करतात. भिंग फुलाजवळ नेऊन लांबून डोकवायचं नाही. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, चश्मा असेल तर चश्म्याच्या काचेला, आणि भिंगाचा हात गालफडावर टेकवून स्थिर करायचा. मग फूल जवळ आणायचं किंवा आपण फुलाकडे झुकायचं, स्पष्ट दिसेपर्यंत. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी फुलाच्या खालचा दांडा हलका धरायचा आणि तो हात पहिल्या हाताला टेकवायचा. वाऱ्यात दोन्ही एकत्र हलतात आणि चित्र टिकतं. बल्बोफायलम या ऑर्किडवंशाचा ओठ बिजागरीवर असल्यासारखा कॉलमच्या पायाशी डुलतो, त्यामुळे तिथे श्वाससुद्धा रोखावा लागतो. थंड धुक्यात काचेवर वाफ धरते. भिंग कपड्याच्या आत, अंगाच्या उबेत ठेवलं आणि पाहताना श्वास खाली सोडला तर हा त्रास बराच कमी होतो. फुलावर पाण्याचा थेंब असेल तर आधी टिपकागदाच्या कोपऱ्यानं टिपून घ्या, कारण थेंब स्वतःच भिंगाचं काम करतो आणि त्याखालचे केस जाड भासतात.

जमिनीलगतच्या जातींसाठी पोटावर झोपण्याला पर्याय नाही. आधी आजूबाजूला नीट पाहून घ्यावं, कारण फुलावर आलेल्या एका रोपाभोवती एक-दोन पानांची न फुललेली रोपं असतात आणि कोपर नेमकं त्यांच्यावर पडतं.

आता या भिंगातून काय काय दिसतं, आणि वर्गीकरणात ते कुठे बसतं.

ऑर्किडची पाच उपकुळं आहेत. ॲपोस्टेसिया आणि न्यूव्हिडिया या दोनच वंशांचं उपकुळ सगळ्यांत जुन्या फांदीचं. त्यांची फुलं जवळजवळ नियमित, परागकोश दोन किंवा तीन, पराग सुटे. व्हॅनिलाच्या उपकुळात परागकोश एकच, पण पराग मऊ आणि घट्ट गोळा न बनलेले. हिमालयातली बिनपानांची गॅलिओला याच गटातली. तिसऱ्या, सिप्रिपेडियमच्या उपकुळाला भिंग लागतही नाही: ओठ पिशवीसारखा, परागकोश कॉलमच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि समोर ढालीसारखा वांझ पुंकेसर. उरलेली दोन उपकुळं प्रचंड मोठी आहेत, आणि खरं काम तिथेच असतं.

या दोन्हींत परागकोश एकच उरलाय आणि पराग पॉलिनियात बांधलेले आहेत, म्हणजे परागकणांचे गोळे झालेत. ऑर्किसच्या उपकुळात (हॅबेनेरिया, प्लॅटँथेरा, डॅक्टिलोऱ्हायझा, सॅटिरियम, गुडियेरा) परागकोश सहसा ताठ उभा असतो आणि कॉलमला बुडाशी रुंद चिकटलेला असतो. पॉलिनिया रवाळ, काडीनं दाबले तर बारीक तुकड्यांत सुटणारे. एपिडेंड्रमच्या उपकुळात परागकोश पुढे वाकून टोपीसारखा बसतो आणि टोपीखाली मेणासारखे टणक, सहसा पिवळे पॉलिनिया असतात. इथे एक फसवी जागा आहे. एपिपॅक्टिस आणि सेफॅलँथेरा जमिनीवर वाढतात आणि त्यांचे पराग मऊ असतात, त्यामुळे ते पहिल्या गटातले वाटतात, पण आहेत दुसऱ्यातले. टणक पॉलिनिया दिसले तर एपिडेंड्रमचं उपकुळ धरायला हरकत नाही. मऊ दिसले म्हणून ते नाही असं मात्र धरू नये.

टणक पॉलिनिया मोजणं हा या भिंगाचा सर्वांत उपयोगी वापर. डेंड्रोबियममध्ये चार, एरियामध्ये आठ. दोघांच्याही कॉलमला खाली पाय फुटलेला असतो आणि लहान फुलांच्या जाती फोटोत सारख्याच दिसतात. टोपी उचलली की वाद मिटतो. सीलोजिनीत चार, लिपॅरिस आणि ओबेरोनियात चार, कॅलँथेत आठ, सिम्बिडियम आणि युलोफियात दोन, व्हँडा, एरिडीस आणि गॅस्ट्रोकायलसमध्येही दोन, पण तिथे ते एका पट्टीवर बसलेले आणि पट्टीच्या टोकाला चिकट चकती. डेंड्रोबियममध्ये ना पट्टी, ना चकती.

मोजायची पद्धत अशी. फुलांच्या तुऱ्यातलं सर्वांत खालचं, उतरणीला लागलेलं पण न सुकलेलं फूल निवडा. बारीक सुई किंवा टोकदार गवताची काडी कॉलमच्या टोकाखालून घालून टोपी हलकेच वर ढकला. टोपी सहसा मागच्या बाजूला बिजागरीसारखी उलटते. पॉलिनिया खाली न पडता काडीला चिकटून आले तर काळ्या कागदावर धरून भिंगाखाली मोजा. चूक होते ती दोन ठिकाणी. जुन्या फुलात कीटकानं पॉलिनिया आधीच नेलेले असतात आणि रिकामी टोपी पाहून ‘शून्य’ नोंदलं जातं. आणि जोडीतला आतला लहान पॉलिनियम मोठ्याआड दडतो, त्यामुळे बल्बोफायलममध्ये चारचे दोन होतात. काडीनं उलटवून दुसरी बाजू पाहिल्याशिवाय आकडा लिहू नका. मोजून झाल्यावर तेच पॉलिनिया त्याच जातीच्या दुसऱ्या रोपावरच्या फुलाच्या कुक्षीला, म्हणजे पराग धरणाऱ्या चिकट जागेला, लावून टाकावेत, म्हणजे ते वाया जात नाहीत. रोपं दोन-चारच असतील तर हा प्रयोग करूच नये.

ऑर्किस गटात काडीचा आणखी एक उपयोग आहे. चिकट चकतीला काडी टेकवली की पॉलिनियम देठासकट उपटून येतो आणि मग देठ सुकत पुढे वाकतो. डार्विननं १८६२ मध्ये ऑर्किस मॅस्क्युलात हे वाकणं सुमारे ३० सेकंदांत होतं असं नोंदलं. दहापटीत ते अगदी स्वच्छ दिसतं. निओटिया ओव्हाटासारख्या जातीत मात्र भिंग फार जवळ नेऊ नका. तिच्या कॉलमचं टोक स्पर्श होताच चिकट थेंब उडवतं, आणि तो काचेवर बसला तर सहज निघत नाही.

दहापटीचं भिंग जिथे सर्वांत जास्त कामाला येतं तो त्रिकोण म्हणजे हॅबेनेरिया, पेरिस्टायलस आणि प्लॅटँथेरा. तिन्ही जमिनीवरच्या, तिन्हींची फुलं हिरवट किंवा पांढरी, तिन्हींना स्पर. स्परवरून ठरवायला गेलं तर फसायला होतं, कारण लांबी जातीगणिक बदलते. पाहायची ती कुक्षी. हॅबेनेरियात कुक्षीचे दोन देठदार उंचवटे कॉलमपासून पुढे निघालेले असतात. पेरिस्टायलसमध्ये ते बिनदेठाचे, उशीसारखे, ओठाच्या बुडाला चिकटलेले. प्लॅटँथेरात कुक्षी सपाट, परागकोशाच्या दोन कप्प्यांमधल्या जागेत. पेरिस्टायलसचं फूल पुष्कळदा पाचएक मिलिमीटरचंच असतं आणि त्याची स्पर आखूड, फुगीर. इथे भिंग फुलाच्या समोरून नाही, किंचित खालून धरायचं. सॅटिरियम नेपालेन्स मात्र लांबूनही कळतं, कारण त्याचा ओठ वरच्या बाजूला असतो आणि स्पर दोन असतात.

वीसपटीचं भिंग कधी घ्यावं? ओबेरोनिया हा वंश मनावर घेतला तर. त्याची फुलं एक-दोन मिलिमीटरची, तुऱ्यात दाट रचलेली, आणि जाती ठरतात त्या ओठाच्या पाळींवरून आणि पाकळीच्या कडेच्या दातांवरून. अँडीजमधल्या लेपँथेस, स्टेलिस, प्लॅटिस्टेली या गटालाही तेच लागू. प्ल्युरोथॅलिस गटात ५,००० हून अधिक जाती आहेत आणि लेपँथेस वंशातच हजाराहून अधिक. आल्प्समधल्या निग्रिटेलाच्या जवळच्या जाती वेगळ्या करताना तुऱ्यातल्या खालच्या पानकांच्या, म्हणजे फुलाबुडच्या छोट्या पानांच्या, कडेचे सूक्ष्म दात पाहावे लागतात. तिथेही दहापट अपुरी पडते. पण वीसपट हे दुसरं भिंग. आधी दहापटीत अख्खं फूल समजून घ्यायचं, मग वीसपटीत एकच खूण तपासायची. दोन्ही गळ्यात नको असतील तर १४ पटीचं घ्या असा सल्ला मिळतो. आम्हाला तो अर्धाच पटतो: ओबेरोनियाला ते कमी पडतं आणि हॅबेनेरियाला जास्त होतं.

क्लिसोस्टोमासारख्या काही वंशांत निर्णायक खूण स्परच्या आत, मागच्या भिंतीवरच्या गाठीच्या रूपात असते. ती बाहेरून कुठल्याच पटीत दिसत नाही. झाडाखाली गळून पडलेलं फूल मिळालं तर ब्लेडनं स्पर उभी चिरून दहापटीत पाहता येते. नाही मिळालं तर नोंद वंशापर्यंत थांबवावी.

मोजपट्टी कोरलेली, वस्तूवर टेकवून वापरायची लूपही मिळतात. पान, बी, बीजकोश यांसाठी उत्तम. फुलासाठी निरुपयोगी, कारण टेकवलं की फूल चेपतं आणि माप चुकतं. मिलिमीटरच्या खुणा असलेली कागदाची चिंचोळी पट्टी फुलामागे धरली तर अंदाज पुरेसा नेमका येतो.

भिंग कुठे हात टेकतं तेही सांगायला हवं. डॅक्टिलोऱ्हायझामध्ये जाती एकमेकींशी सर्रास संकर करतात, आणि फुश्सी व मॅक्युलाटा या दोन जवळच्या जातींतला पक्का फरक गुणसूत्रांच्या संख्येत आहे, ४० आणि ८०. भिंग तिथे मदत करतं, निकाल देत नाही. डीएनएच्या अभ्यासानंतर नावंही हलली आहेत: निग्रिटेला आता बहुतेक ठिकाणी जिम्नाडेनियात धरतात, सीलोग्लॉसम विरिडे हे डॅक्टिलोऱ्हायझा झालं, फोलिडोटा सीलोजिनीत गेलं, आणि एरियाचे पिनॅलियासारखे तुकडे झाले. जुन्या पुस्तकातलं नाव आणि आजचं नाव जुळलं नाही तर आपली पाहणी चुकली असं लगेच समजू नये. म्हणून वहीत नुसतं नाव लिहून भागत नाही. ‘पॉलिनिया ८, टणक, कॉलमला पाय आहे, ओठ तीन पाळींचा, मधल्या पाळीवर दोन कंगोरे’ असं लिहिलं तर नाव कितीही वेळा बदललं तरी नोंद कामाची राहते.

उंच फांदीवरच्या फुलासाठी हे भिंग कामाचं नाही, तिथे दुर्बीणच. खाली पडलेल्या फांद्या मात्र नक्की पाहाव्यात.

मोबाइलच्या कॅमेऱ्यावर हेच ट्रिप्लेट टेकवून फोटो काढता येतात आणि चांगले येतात. काच लेन्सच्या अगदी मधोमध बसली पाहिजे, झूम थोडा वाढवला की कडेचा काळा गोल जातो. समोरून, बाजूनं स्परसकट, खालून कॉलम, आणि पानाचं किंवा स्यूडोबल्बचं (फुगीर खोडाचं) बूड असे चार फोटो असले तर दूरच्या तज्ज्ञालाही मत देता येतं. ॲपला यातला नुसता पहिला फोटो दिला जातो, म्हणून ते रंगसारख्या जातींमध्ये अडकतं. ओळख पटवण्यासाठी रोप उपटायची गरज कधीच पडत नाही. ऑर्किडचं अख्खं कुळ साइट्सच्या, म्हणजे दुर्मीळ वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आणि पॅफिओपेडिलमच्या सगळ्या जाती पहिल्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे रोप किंवा त्याचा भाग सीमेपलीकडे नेताना परवाना लागतो. भिंगाखाली पाहून लिहिलेल्या नोंदीला यातलं काहीच लागत नाही.

भिंगाला भडक रंगाची दोरी बांधा, लाल किंवा नारिंगी. शेवाळात पडलेलं काळं लूप सापडत नाही. काच पुसताना आधी धूळ फुंकून काढा, मग लेन्सच्या कागदाला पाण्याचा थेंब लावून पुसा. स्पिरिटमध्ये बुडवू नका, काचांमधला डिंक कडेनं सुटतो. पावसाळी फेरीनंतर घडी उघडून एक रात्र वाळू द्या आणि मगच सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत ठेवा. ओलं मिटून ठेवलेल्या भिंगाच्या काचेवर बुरशीचं जाळं धरतं, आणि ते काचेवरच कोरलं गेलं तर कितीही पुसलं तरी जात नाही.